वळवलेलं पाणी

नमस्कार मंडळी. 'सह्याद्रीतले घाट' हा विषय वाचनालयाने मला दिला, तेव्हा नाणेघाट, बोरघाट, थळघाट अशी सगळी टिपणं मी काढली होती. ती आज आणलेली नाहीत. वीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवते आहे, आणि हा विषय मला नव्याने कळला तो एका घरगुती प्रवासात. त्याबद्दलच बोलते.

माझ्या मावशीची पंचाहत्तरी होती, दापोलीला. गाडीत मी, नवरा, दोन मुलं आणि आई. पुण्याहून सकाळी निघायचं, भोर, वरंधा घाट, महाड, खेड करत दुपारच्या चहाला पोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, असा सरळ बेत होता. भाद्रपद संपत आला होता, पण पाऊस काही हटत नव्हता. भोर सोडलं, नीरा-देवघरच्या पाण्याकडेने बरंच पुढे गेलो, आणि रस्त्यावर आडवे बॅरिकेड. घाटात दरड आली होती. ही सूचना भोरच्या चौकात लावली असती तर कितीतरी गाड्यांचा हेलपाटा वाचला असता. आमच्या मागे एका टेंपोत लग्नाचं सामान होतं. त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा मला अजून आठवतो.

दरड का येते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. बसाल्टचे थर एकावर एक, मधे कुठे मऊ लाल पट्टा, वर मातीचं पांघरूण. चार महिने पाणी मुरलं की पांघरूण जड होतं आणि सुटतं. रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला असेल तर आणखी लवकर सुटतं.

नवरा ताम्हिणीचा रस्ता बघत होता. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "कुंभार्लीने जाऊ या का? साताऱ्यावरून?"

आई प्रवासात कधी काही मागत नाही. खिडकीसुद्धा मागत नाही. म्हणून लांब पडत असूनही आम्ही परत कापूरहोळला येऊन हायवे धरला. खंबाटकी, सातारा, उंब्रजला जेवण, मग उजवीकडे मल्हारपेठ, पाटण. पाटणच्या पुढे कोयना रस्त्याच्या सोबतीला येते. आई तिथून बोलायची थांबली.

आता इथे जरा थांबते, कारण ही नदी नीट समजून घेण्यासारखी आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेला धावते. समुद्र पश्चिमेला अगदी हाकेच्या अंतरावर, पण मधे डोंगराची भिंत. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते, कराडला कृष्णेला मिळते, आणि तिचं पाणी पार बंगालच्या उपसागराला जातं. ही झाली निसर्गाने ठरवलेली वाट. मग धरण झालं. शिवाजीसागरात, म्हणजे धरणाच्या जलाशयात, १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, आणि त्यातलं बरंचसं बोगद्यांतून डोंगराच्या पोटात शिरतं, कोकणाच्या बाजूला पोफळीकडे कोसळतं आणि वीज देतं. वीज देऊन झालेलं ते पाणी, ज्याला आपण कोयनेचं अवजल म्हणतो, कोकणातल्या वाशिष्ठी नदीत जातं. म्हणजे पूर्वेला निघालेलं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. तेही दरवर्षी ६७ टीएमसीच्या आसपास.

कोयनानगरला मुलांना धरण बघायचं होतं. आई म्हणाली, "तुम्ही जा. मला इथंच सोडा." मी तिच्याबरोबर राहिले. ती रस्ता सोडून एका चढावर गेली. गवत कमरेएवढं, मधे तेरडा फुललेला. पायाने गवत बाजूला करत ती चालत होती आणि एका ठिकाणी थांबली. खाली दगडी चौथरा होता, एका कडेला शेवाळलेली एकच पायरी. आई त्या पायरीवर बसली. ओलं आहे म्हटलं, तरी बसली.

आजोबा धरणाच्या कामावर होते, एवढं मला माहीत होतं. आई तेव्हा नऊ वर्षांची. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे साडेचार वाजायचे होते. "आधी आवाज आला," आई म्हणाली. "खालून. मला वाटलं खाणीत सुरुंग उडवला. मग फळीवरचे हंडे-कळशा खाली आल्या. ताईने मला गोधडीसकट उचललं आणि ह्या पायरीवरून उडी मारली. मागे वळून बघितलं तर धूळ. घर नाही, नुसती धूळ. आणि थंडी." ताई म्हणजे माझी मावशी. सतरा वर्षांची होती. शेजारच्या घरातली तिघं गेली. त्यांची नावं आईने एकेक करून घेतली. ती इथे घेत नाही.

त्या भूकंपात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. त्याआधी दख्खनचं पठार स्थिर समजलं जात होतं. जलाशयात पाणी साठायला लागल्यानंतर इथे हादरे सुरू झाले होते, आणि कोयनेनंतर जगभरचे शास्त्रज्ञ धरणाचं पाणी आणि भूकंप यांच्या संबंधाकडे गांभीर्याने बघू लागले. खोलवरच्या भेगांत पाणी झिरपतं, तिथला दाब वाढतो, आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा त्यानंतर बदलावा लागला. आज त्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालतो. हे सगळं मी मुलांना शिकवते. शिकवताना तारीखही सांगते.

पण आमच्या घरी पलंगाच्या वर फळी का नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. आई माझ्या घरी राहायला आली त्या दिवशी तिने डोक्यावरचं पुस्तकांचं कपाट हलवायला लावलं. मला वाटलं, तिला खोली मोकळी आवडते. ती झोपताना चपला पलंगाखाली, पाय टेकतील अशाच ठेवते. पंचेचाळीस वर्षं मी त्या चपला बघते आहे.

कुंभार्ली उतरलो तेव्हा धुकं होतं, दहा फुटांपलीकडचं दिसेना. चिपळूणला पोचलो तर परशुराम घाटातही माती आलेली, वाहतूक थांबलेली. रात्र तिथेच काढली. लॉजच्या जिन्यात २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण होती, माझ्या डोक्याच्या वर. सकाळी चहावाल्याने रस्ता सांगितला: "खेडाकडे वाट बघत बसू नका. गुहागरच्या रस्त्याने धोपाव्याला जा, फेरीबोटीत गाडी घाला नि दाभोळला उतरा. तिथून दापोली कितीशी?"

गाडी बोटीत चढताना मुलं ओरडत होती. खाडी रुंद, पाणी गढूळ, पलीकडे दाभोळ. एके काळी बहमनी आणि आदिलशाही राज्यांचं मोठं बंदर होतं ते. लेकीने विचारलं, "ही कुठली नदी?"

मी म्हटलं, "वाशिष्ठी. इथे ती समुद्राला मिळते."

आई कठड्याला धरून उभी होती. म्हणाली, "कोयना पण आहे हिच्यात."

तिला अवजल हा शब्द मी सांगितलेला नव्हता. आजोबांनी तिला लहानपणीच सांगितलं होतं, की आपण इथे राबतोय ते पाणी डोंगर फोडून कोकणात जाणार. वरच्या घाटातून पोफळीच्या बाजूला ती का बघत होती, ते मला तेव्हा कळलं. लेक कठड्यावरून वाकून वाकून पाणी बघायला लागली. कालचं पाणी त्यात ओळखू येतंय का, हे तिला शोधायचं होतं. बोट पलीकडे लागेपर्यंत ती हलली नाही.

मावशीच्या दारात पोचलो तेव्हा पाहुणे जमलेले, पाटाभोवती रांगोळी, औक्षणाचं ताट तयार. मावशी नव्या साडीत बसली होती. आईला बघून म्हणाली, "कालच येणार होतीस ना गं? इतका उशीर?"

"कोयनेवरून आलो."

मावशीने पाटावरून हात पुढे केला आणि आईला शेजारी बसवून घेतलं. "दारातला फणस आहे?"

"नाही. पायरी आहे."

"एकच?"

"एकच. वरची."

"तीच," मावशी म्हणाली. आईचा हात तिने सोडला नाही. निरांजनात पुन्हा तूप घालावं लागलं.