पंधरा फेब्रुवारीचा भोग

(दृश्य: पहाट. तांड्याच्या टोकाचा चौथरा, उंच बांबूवर नवा पांढरा झेंडा.)

गोवरी कडक वाळलेली हवी. आत ओल राहिली तर ती नुसती धुमसते, आणि धुरावर भोग, म्हणजे निखाऱ्यावरचा नैवेद्य, लागत नाही. म्हणून जालना जिल्ह्यातल्या या बंजारा तांड्यावर सेवालाल महाराजांच्या जयंतीसाठी गोवऱ्या पंधरा दिवस आधीच वेगळ्या काढून छपराखाली रचतात.

शेजारच्या चुलीवर लापशी. दोन किलो गव्हाचा भरडा तुपात तांबूस भाजायचा, तिप्पट पाण्यात शिजवायचा. दाणा बोटांत दाबून दबला, की मगच दीड किलो गूळ. घाईने गूळ पडला तर दाणा पुढे शिजत नाही. कितीही जाळ लावा, दाताखाली कचकचतो. मोठ्या पातेल्यात ही चूक हमखास होते, कारण वरचं मऊ झालेलं दिसतं आणि तळाचं कुणी चाखत नाही.

(दृश्य: निखारे. सुपाने वारा घातला जातोय.)

निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की सुपाच्या वाऱ्याने ती उडवायची. लाल निखाऱ्यावर लापशीचे लहान घास, वरून तुपाची धार. भडका उठला, भोग लागला. नगारा वाजतो, सगळे हात जोडून उभे राहतात, अरदास, म्हणजे प्रार्थना, सुरू होते. शेवटी एकच आवाज: जय सेवालाल!

संत सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात. समाधी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला. बंजारा समाजाला साऱ्या देशात एकत्र बांधणारा दिवस शोधला तर तो हाच.

(दृश्य: केसांतले दागिने घुगरी-टोपली, आरसे जडवलेली काचळी म्हणजे चोळी. मागे नगारा.)

हे लोक मूळचे इथले नव्हेत. त्यांची गोरबोली भाषा कान देऊन ऐका, राजस्थानचा सूर लगेच कळतो. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य वाहायचं, हा धंदा. दख्खनेत उतरलेल्या मुघल फौजांची रसद याच लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, बैलांवर चालायची. तळ पडेल तिथे तांडा, आणि तांड्याला नायक, कारभारी. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मिठावर इंग्रजांचा ताबा बसला आणि बैलांचं काम संपलं. वर १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. ‘विमुक्त’ हा शब्द तिथला. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. आज सीमेपलीकडचा तांडा अनुसूचित जमातीत आहे, अलीकडचा विमुक्त जाती ‘अ’ मध्ये, तीन टक्के आरक्षणात. २०२५ च्या सप्टेंबरात जालना-बीडमध्ये निघालेले मोर्चे याच फरकावरून होते.

(दृश्य: सरकारी कार्यालय. टेबलावर पांढरं कापड, तसबीर, झेंडूचा हार.)

आता सरकारी मान्यता. कोणत्या थोर व्यक्तींच्या जयंत्या शासकीय कार्यालयांत साजऱ्या करायच्या, याचं परिपत्रक सामान्य प्रशासन विभाग काढतो. त्या यादीत १५ फेब्रुवारी आहे. मंत्रालयापासून तहसीलपर्यंत प्रतिमापूजन होतं. मान्यता म्हणतात ती एवढीच.

कारण जयंतीची यादी वेगळी आणि सुट्टीची वेगळी. सार्वजनिक सुट्ट्या निघतात १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली. त्या अधिसूचनेत १९ फेब्रुवारीची शिवजयंती आहे, १५ फेब्रुवारी नाही. त्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा. २०२५ साली हा दिवस शनिवारी आला, २०२६ साली रविवारी, तेही महाशिवरात्रीला. कुलूप उघडायला शिपाई, हार घालायला एक अधिकारी, फोटो काढायला तिसरा.

एक वाट उरते. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात. त्यांतही पोळा, महालक्ष्म्या असे दावेदार आधीच रांगेत. या सुट्ट्यांचा आदेश वर्षाच्या सुरुवातीलाच निघतो, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच जायला हवा. जयंती तोंडावर आली की निवेदन घेऊन जाणाऱ्यांना पोच तेवढी मिळते. आणि स्थानिक सुट्टी मिळाली तरी बँका आणि कोर्टं चालूच राहतात.

(दृश्य: पुन्हा तांडा. कुलूप लावलेली दारं, ओट्यावर दोन म्हाताऱ्या.)

पण सुट्टी नेमकी कुणाला द्यायची? दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. पंधरा फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर हंगाम. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवसाला दीड-दोन टन. खाडा केला तर तेवढी रक्कम उचलीत फिटायची राहते. लहान मुलं एक तर हंगामी वसतिगृहात, नाही तर फडात आईमागे.

(दृश्य: फड. कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, रांग, अंधार.)

इथे चौथरा नाही. पत्र्याच्या घमेल्यात निखारे. गोवऱ्या मागून आणलेल्या, अर्ध्या ओल्या, त्यामुळे दोनदा पेटवाव्या लागल्या. लापशीऐवजी गुळाचा खडा. झेंड्याला काठी म्हणून सोललेला ऊस, वर धुतलेलं पांढरं फडकं.

तुपाची धार पडते. भडका उठतो.

टायरगाडीला बैल जुंपलेले आहेत. मोळ्या भरून साडेसहाला कारखान्याच्या काट्यावर नंबर लावायचाय.