चार ठिकाणी बुडवलेला वाडगा

हा वाडगा बघा. वीतभरही नाही, जेमतेम 15 सेंटीमीटर. काठ चार ठिकाणी तपकिरी रंगात बुडवून काढलाय, त्यामुळे मध्ये आपोआप एक चौकट उरली. चितारणाऱ्याला तेवढीच जागा. त्यात एक पक्षी, शेपटीला दोन फटकारे, बाजूला गवताची पाती. कुंचला कुठे अडखळलेला नाही. रोजचंच काम, अडखळेल कशाला?

नवव्या शतकातलं, चीनमधल्या तांग राजवटीतलं हे भांडं. चांगशा शहराजवळ, श्यांग नदीकाठच्या तोंगग्वानचं. तिथल्या भट्ट्या टेकडीच्या उतारावर लांबच लांब पसरलेल्या, म्हणून त्यांना ड्रॅगन भट्टी म्हणतात. खाली लाकूड पेटवायचं, जाळ वर चढत जायचा. साधारण 1200 अंशांवर माती दगडासारखी घट्ट होते. हे स्टोनवेअर. आपली लोणच्याची बरणी याच जातकुळीतली.

त्या काळी चीनमध्ये नाव होतं ते एकरंगी भांड्यांचं. उत्तरेची पांढरी, दक्षिणेची हिरवी. चांगशाची माती राखाडी, झिलई पिवळसर. मग इथल्या कुंभारांनी रंग हाताशी धरले. लोहाचा तपकिरी, तांब्याचा हिरवा.

आणि माल खपला. किती, ते 1998 साली कळलं. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ एक बुडालेलं जहाज सापडलं. अरबी धाटणीचं, एकही खिळा न ठोकता दोरीने फळ्या शिवलेलं. पोटात सुमारे 60,000 भांडी, बहुतेक चांगशाची. मोठाल्या रांजणांत वाडगे एकात एक बसवून, गोल गोल रचलेले. त्यामुळे हजारभर वर्षं समुद्रात राहूनही कित्येकांचा टवकासुद्धा उडालेला नाही. कुणावर फूल, कुणावर मासा, एखाद्यावर चक्क आपला मकर.

एका वाडग्यावर भाजण्याआधी तारीख कोरलीय: बाओली पर्वाचं, म्हणजे त्या वेळच्या तांग सम्राटाच्या कालगणनेचं, दुसरं वर्ष, सातवा महिना, सोळावा दिवस. म्हणजे सन 826.

भट्ट्यांच्या परिसरात तोटीचे सुरईवजा घडेही मिळाले. काहींवर कविता आहेत. ही त्यातलीच एक, कवीचं नाव नाही:

तुम्ही जन्मलात, तेव्हा मी नव्हते.
मी जन्मले, तोवर तुम्ही म्हातारे.
तुम्हाला खंत, मी उशिरा आले.
मला खंत, तुम्ही लवकर आलात.

ओळी बरोबर तोटीखाली आहेत. ओतणाऱ्याला नाही, समोर पेला धरून बसलेल्याला वाचता येतील अशा.