तारेला टोचलेल्या पावत्या

नमस्कार, श्रोतेहो. मागच्या आठवड्यात मानवतचे एक किराणा दुकानदार माझ्याकडं आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "साहेब, मला ऑडिट लागलं." मी विचारलं, कोणतं ऑडिट? त्यांना ते सांगता येईना. तेव्हा आधी हा गुंता सोडवू.

आपल्याकडं एकाच शब्दात दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. धंद्याची वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की सीएकडून हिशेब तपासून घ्यावे लागतात. रोखीचं येणं-देणं पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा दहा कोटींची होते. हे टॅक्स ऑडिट. ते आपणच आपला सीए गाठून करून घ्यायचं. दुसरी गोष्ट वेगळी. आपण भरलेलं रिटर्न आयकर खातं तपासायला काढतं, तिला स्क्रुटिनी म्हणतात, मराठीत छाननी. माणसाची झोप उडते ती या दुसरीनं. रिटर्न भरल्यावर बेंगळुरूहून आयकर कायद्याच्या कलम १४३(१) ची सूचना येते, ती या दोन्हींत बसत नाही; तो नुसता बेरजेचा ताळा असतो. आज मी छाननीबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी सेलू तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगणार आहे. गावाचं नाव सांगत नाही. घरच्या कर्त्या पुरुषाला आपण अण्णा म्हणू, त्यांच्या पत्नीला काकू. मीही त्यांना तसंच म्हणतो.

अण्णांचं मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान. चौघं भाऊ. सात-बारा वेगळे, चुली वेगळ्या, पण पैशाचा कारभार अजून थोरल्याकडंच. २०२१-२२ चं साल आठवून बघा. कापसानं दहा हजारांचा भाव ओलांडला होता. चौघांचा कापूस ट्रॉली-ट्रॉलीनं जिनिंगला गेला, पैसे रोख आले आणि सगळे अण्णांच्या बचत खात्यात भरले गेले. चौदा लाख साठ हजार. वर्षाकाठी बचत खात्यांत दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली, तर बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. तसं ते कळवलं गेलं. आणि अण्णांच्या रिटर्नमध्ये दुकानाचा नफा तेवढा होता, शेतीचा एक रुपया नव्हता. का नव्हता? तर शेतीला कर नाही म्हणून. श्रोतेहो, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, पण रिटर्नमध्ये ते दाखवायचं असतं. पुन्हा सांगतो. कर नाही, तरी दाखवायचं.

रिटर्न जुलै २०२२ मध्ये भरलेलं. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत छाननीची नोटीस, १४३(२) ची, हातात पडावी लागते. म्हणजे इथं ३० जून २०२३ पर्यंत. ती वेळेत निघालीही होती. अण्णांना मात्र तिचा पत्ताच नव्हता. कारण आयकर खात्याच्या पोर्टलवर ई-मेल होता रिटर्न भरून देणाऱ्या कॉम्प्युटर सेंटरमधल्या मुलाचा, आणि मोबाइल नंबरही त्याचाच. नंतर १४२(१) ची प्रश्नावली आली, एकदा नव्हे, दोनदा. तीही तिथंच पडून राहिली. जानेवारीत ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेनं रिटर्नची प्रत मागितली, पुतण्यानं पोर्टल उघडलं, आणि समोर कारणे दाखवा नोटीस. उत्तराला सहा दिवस उरलेले.

त्या नोटिशीत शब्द होते 'अनएक्स्प्लेन्ड मनी'. पुतण्यानं घरात त्याचं मराठी करून सांगितलं, बेहिशेबी पैसा. अण्णा मला पुढं म्हणाले, "साहेब, त्या राती घरात कुणी जेवलं नाई. चाळीस वर्सं दुकान केलं, कुणाचं पाच पैशाचं ठेवलं नाई, अन् हे असं लिव्हलं."

इथं मला एक बोलायचंच आहे. भारताचा आयकर कायदा आपल्या मराठवाड्याला १ एप्रिल १९५० ला लागू झाला, हैदराबाद मुक्त झाल्यावर दीड वर्षानं. इतकी वर्षं झाली, तरी आमच्या माणसाला त्याच्याच पैशाबद्दलचा प्रश्न इंग्रजीत विचारला जातो. प्रश्न साधा होता, हे पैसे कुठून आले? हाच प्रश्न मराठीत आला असता, तर अण्णांनी ओट्यावर बसून दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. नोटिशीसोबत मराठी प्रत हवी. मी हे जिथं बोलायला मिळेल तिथं बोलत आलोय आणि बोलत राहणार.

असो. मी गावाला गेलो. अण्णांनी पासबुक पुढं ठेवलं. मी म्हणालो, पासबुक खात्याकडं आहेच, मला कापसाचा कागद पाहिजे. अण्णा गप्प. तेवढ्यात काकू आत गेल्या आणि देवघराशेजारच्या खुंटीवरून एक तार काढून आणली. जुन्या दुकानांत असायची तशी, खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा, आणि मधे टोचलेले कागद, वीतभर जाडीचे. लाइट बिलं, खताची बिलं, सोसायटीच्या पावत्या, आणि त्यात जिनिंगच्या काटापट्ट्या आणि हिशोबपट्ट्या, म्हणजे वजनाच्या आणि पैशाच्या पावत्या. सगळ्यांत जुना कागद तळाला, सगळ्यांत नवा वर. काकूंना लिहिता-वाचता येत नाही. मी विचारलं, हे सगळं जपून कसं ठेवलंत? म्हणाल्या, "वाचता येत नाई म्हणूनच ठिवलं. कोन्ता कामाचा अन् कोन्ता नाई, मला काय कळावं? मंग कामून फेकावं?"

आम्ही तिघांनी ओट्यावर बसून तार उतरवली. प्रत्येक कागदाच्या मधोमध भोक, भोकाभोवती गंजाचं तांबडं कडं. दहा हिशोबपट्ट्या निघाल्या, चारही भावांच्या नावांच्या. बेरीज आली तेरा लाख सत्तर हजार. एका पट्टीत तार नेमकी वजनाच्या आकड्यातून गेलेली, चौदा क्विंटल की सोळा ते दिसेना. मग जिनिंगवर जाऊन मुनीमजींकडून त्यांच्या बुकातली प्रत काढून आणली. सोळा होतं. या पट्ट्या कार्बनच्या होत्या म्हणून दोन वर्षांनी वाचता आल्या, हेही लक्षात घ्या. आताच्या गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात. पंपाची असो, एटीएमची असो की दुकानाची, आणली त्या दिवशीच तिची झेरॉक्स काढा. दोन रुपये लागतात.

पट्ट्यांना जोड दिली चौघांच्या सात-बाऱ्याची, आठ-अ ची, ई-पीक पाहणीतल्या कापसाच्या नोंदीची आणि तिघा भावांच्या प्रतिज्ञापत्रांची, की हा पैसा आमचा, थोरल्याच्या खात्यात ठेवायला दिला होता. पोर्टलवर मुदत मागायची सोय असते. आम्ही मागितली, आठ दिवस मिळाले. सुनावणीही मागितली. छाननी आता फेसलेस आहे, अधिकारी कोणत्या शहरात बसलाय ते आपल्याला कळत नाही, आपल्या घरी कुणी येत नाही, आपणही कुठं जायचं नसतं. पण कारणे दाखवा नोटीस आल्यावर व्हिडिओवरून म्हणणं मांडायची मागणी करता येते. अण्णा त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून लॅपटॉपसमोर बसले. अधिकाऱ्यांनी कागद बघितले आणि विचारलं, "ये सब में छेद कैसे है?" अण्णांनी मागं वळून हाक मारली, "अगं, ती तार आण." काकूंनी तार आणून कॅमेऱ्यासमोर धरली. मधले ते दहा कागद परत जागच्या जागी टोचलेले होते. तो माणूस क्षणभर नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक है, माताजी, रख दीजिए."

मार्चमध्ये आदेश आला. तेरा लाख सत्तर हजार मान्य झाले. नव्वद हजार राहिले. ते अण्णांच्या मेहुण्यानं हातउसने घेतलेले परत केले होते, रोख, चिठ्ठीविना. खरे होते, पण तारेवर नव्हते. तेव्हाच्या दरानं त्या नव्वद हजारांवर साठ टक्के कर, करावर पंचवीस टक्के अधिभार आणि वर चार टक्के उपकर. हिशेब करून बघा, सत्तर हजार दोनशे होतात, व्याज निराळं. त्या आकड्याचं मला आजही वाईट वाटतं. मेहुण्यानं ती रक्कम बँकेतून पाठवली असती, तर एक पैसा लागला नसता. नात्यात कागद मागितला की माणसं रागावतात, हे मला माहीत आहे. माझ्या सख्ख्या भावाला मी हातउसने देतो तेही खात्यातूनच देतो, आणि आमचं प्रेम अजून शाबूत आहे.

आता वेळ थोडा उरलाय, तेव्हा कामाचं सांगतो. नोटीस आली की पहिल्यांदा ती खरी आहे का बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो. आधी डीआयएन, मग बाकीचं. फोनवर कुणी ओटीपी मागितला किंवा प्रकरण मिटवायला पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. दुसरं, उत्तराची तारीख बघा आणि त्या तारखेच्या आत काहीतरी उत्तर द्याच, निदान मुदत तरी मागा. गप्प राहिलात तर दहा हजारांचा दंड होऊ शकतो, आणि अधिकारी त्याच्या अंदाजानं उत्पन्न ठरवून मोकळा होतो. तिसरं आजच करा, नोटिशीची वाट बघू नका: पोर्टलवर ई-मेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते उघडून बघा. कुणाचा आहे ते बघा. आपला नसेल तर बदला.

आधार कुठं मिळेल? आपली बाजू मांडायला सीए, वकील किंवा करसल्लागार चालतो, तसा नातेवाईकही चालतो, कायम नोकरीवर असलेला मुनीमही. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथं सीए संस्थेच्या शाखा आहेत. कुणाला सनद आहे नि कुणाला नाही याची खात्री करून घ्या. आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं. सरकारी फी २५० ते १००० रुपये. तिथंही न्याय मिळाला नाही, तर आपल्या मराठवाड्यासाठी आयकराचं अपील न्यायाधिकरण पुण्याला आहे. धंद्याची कागदपत्रं त्या करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरच्या वर्षाच्या, अखेरीपासून सहा वर्षं ठेवायची असतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, पण जुन्या वर्षांच्या फायली जुन्याच कायद्यानं चालणार आहेत, त्यामुळं १४३ आणि १४२ हे आकडे अजून काही वर्षं कानावर पडतील.

आणि घरात नोटीस आली तर ती एकट्यानं उशाखाली घेऊन झोपू नका. घरच्यांना दाखवा. अण्णांचं उत्तर काकूंच्या खुंटीवर होतं, आणि अण्णांना ते माहीत नव्हतं.

आयकर पोर्टलचा मदत क्रमांक लिहून घ्या. फोन मोफत आहे. एक आठ शून्य शून्य, एक शून्य तीन, शून्य शून्य दोन पाच. पेन शोधत असाल तर थांबतो. पुन्हा सांगतो, १८०० १०३ ००२५. नमस्कार.