हे फंक्शन नक्की कोण बोलावतं?

मंडळी, मोठ्या कोडबेसमध्ये दोन प्रश्न सतत पडतात: हे नाव डिफाइन कुठे केलंय, आणि वापरलंय कुठे कुठे. पहिल्याचं उत्तर बहुधा एका जागी असतं. दुसऱ्याचं विखुरलेलं असतं, आणि बदल केल्यावर काही मोडतं ते बहुतेकदा त्या विखुरलेल्या जागांपैकी एखादी नजरेतून सुटल्यामुळे. म्हणून आज बोलायचंय ते मुख्यतः वापराबद्दल.

साधनं जुनीच आहेत. फाइलींमध्ये मजकूर शोधणारं केन थॉम्पसन यांचं ग्रेप १९७३ पासून आहे. सीटॅग्ज बीएसडी युनिक्सबरोबर आलं, ते व्याख्यांची सूची करतं. बेल लॅब्जमधल्या सीस्कोपला 'याला कोण कॉल करतं' असंही विचारता येतं. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि कोड समजणारा प्रोग्राम (सर्व्हर) यांनी एकमेकांशी बोलायची ठरीव पद्धत, जाहीर झाला आणि दर एडिटरसाठी दर भाषेचं वेगळं काम करण्याची गरज बरीच कमी झाली.

आता लिनक्स कर्नल उघडू. फाइल उघडणाऱ्या सिस्टिम कॉलचं, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या विनंतीचं, फंक्शन 'सिस_ओपन' ग्रेप करा. हेडरमधलं डिक्लरेशन मिळेल, सिस्टिम कॉलच्या तक्त्यातली ओळ मिळेल, पण फंक्शनची बॉडी मिळणार नाही. ती एफएस फोल्डरच्या ओपन.सी फाइलमध्ये 'सिसकॉल_डिफाइन३' या मॅक्रोने, म्हणजे कंपाइल होण्याआधी विस्तारल्या जाणाऱ्या साच्याने, लिहिलेली आहे. मॅक्रोला दिलंय नुसतं 'ओपन'. त्याच्या आधीचं 'सिस_' प्रीप्रोसेसर, म्हणजे मॅक्रो विस्तारणारा टप्पा, चिकटवतो. म्हणजे तुम्ही शोधताय ते नाव तिथे कुणी टाइपच केलेलं नाही! कर्नलच्या टॅग्ज बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये यासाठी खास रेगेक्स (मजकुराचा नमुना) लिहून ठेवलाय. कर्नलमध्ये नव्याने येणाऱ्याने ती स्क्रिप्ट जरूर वाचावी, असं मी आग्रहाने सांगेन. कोणकोणते मॅक्रो नावं जन्माला घालतात, ते तिथे एका जागी दिसतं.

याहून फसवं प्रकरण फंक्शन पॉइंटरचं, म्हणजे फंक्शनचा पत्ता कुठेतरी साठवून त्यामार्फत कॉल करण्याचं. 'एक्स्ट४_फाइल_रीड_इटर' घ्या. एक्स्ट४ फाइल सिस्टिमवरची नेहमीची फाइल वाचताना हेच चालतं. पण त्याचे संदर्भ मागितले, तर व्याख्येशिवाय हाती लागतो तो फाइल ऑपरेशन्सच्या स्ट्रक्चरमधला उल्लेख: 'रीड_इटर' या फील्डला हे नाव दिलेलं. थेट कॉल कुठेच नाही. यावरून 'हे कुणी वापरत नाही' असं ठरवलंत तर संपलंच. इथे शोध दोन टप्प्यांत करावा लागतो. आधी फंक्शन कुठल्या फील्डमध्ये ठेवलंय ते पाहायचं, मग त्या फील्डचे संदर्भ काढायचे. तेव्हा व्हीएफएसचा, म्हणजे सगळ्या फाइल सिस्टिमच्या वरच्या सामायिक थराचा, कोड समोर येतो, जिथून हा कॉल खरोखर सुटतो. अर्थात त्या वाटेने बाकीच्या फाइल सिस्टिमही जातात. प्रत्यक्ष कुठलं फंक्शन चालेल ते उघडलेली फाइल ठरवते, इंडेक्स नाही.

क्लँगडीसारखा (सी आणि सी++ साठीचा) लँग्वेज सर्व्हर कंपायलरच्या नजरेने कोड वाचतो. त्यामुळे तो नेमका असतो, आणि त्याच कारणाने अर्धा आंधळाही. आज ज्या कॉन्फिगमध्ये बिल्ड केलंय, त्यात एखादा 'इफडेफ' (अट पुरी झाली तरच कंपाइल होणारा भाग) बंद असेल तर त्याच्या आतला वापर त्याला दिसत नाही. तुमच्या मशीनवर नाव बदलून सगळं सुरळीत कंपाइल होतं आणि दुसऱ्या आर्किटेक्चरचं बिल्ड पडतं. म्हणून सर्व्हरने संदर्भांची यादी दिली तरी मी पाठोपाठ जुन्या नावाचा गिट ग्रेप, म्हणजे गिटमधल्या सगळ्या फाइलींतला साधा मजकूर-शोध, चालवतेच. त्यात कॉमेंट येतात, डॉक्युमेंटेशन येतं, भलतीच मिळतीजुळती नावं येतात. तो कचरा डोळ्यांनी चाळायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी देते.