तेच सामान, दोन आवाज

(दृश्य – धुळे. दुकानातलं टेबल, त्यावर उघडी ठेवलेली दोन चेसिस, म्हणजे अँप्लिफायरचे धातूचे सांगाडे.)

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. अशाच एका गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात, ऐन मे महिन्यात ट्यूबचे, म्हणजे काचेच्या वॉल्व्हचे, दोन अँप्लिफायर तापायला ठेवलेत. रेकॉर्डिंगसाठी पंखाही बंद केलाय.

मिस्तरी सत्तरीच्या पुढचे. जत्रेत, लग्नात भोंगे ज्या वॉल्व्हच्या मशीनवर वाजायचे, ती दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. आता बँडमधली पोरं त्यांच्याकडून गिटारसाठी अँप्लिफायर बांधून घेतात. ही दोन्ही एकाच खोक्यातल्या सामानातून बांधली. ट्रान्सफॉर्मर जोडीनेच गुंडाळून घेतलेले. स्पीकर तर एकच, आलटूनपालटून लावतोय.

(गिटार – एकच तार, दोनदा.)

ऐकलंत? पहिल्याचा खर्ज भरदार, जरा सैल. दुसरं पुढे येऊन बोलतं.

आम्हाला वाटलं, ट्यूबचा फरक असेल. मिस्तरींनी दोन्हीकडच्या ट्यूब अदलाबदल करून दाखवल्या. आवाज जागचा हलला नाही. मग त्यांनी पहिल्या ट्यूबच्या कॅथोडकडे, म्हणजे तिच्या एका टोकाकडे, बोट दाखवलं. पहिल्या मशीनमध्ये तिथे १.५ के, म्हणजे दीड हजार ओहमचा रेझिस्टन्स आणि २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, दुसऱ्यात २.७ के आणि ०.६८. अख्ख्या मशीनमध्ये वेगळे नग एवढे दोनच. मोठा कंडेन्सर खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर सारखे वाढवतो. छोटा खर्जाला तेवढी वाढ देत नाही, म्हणून आवाज फाटेपर्यंत वाढवला तरी स्वरांचा चिखल होत नाही.

(दृश्य – जुन्या अँप्लिफायरची छायाचित्रं.)

जवळजवळ तोच नकाशा, पण आवाज वेगळा, अशीच गोष्ट १९६२ साली लंडनमध्ये घडली. जिम मार्शल हे ड्रम वाजवणारे, वाद्यांचं दुकान चालवणारे. अमेरिकेतून येणारे अँप्लिफायर महाग पडायचे, म्हणून त्यांच्या माणसांनी फेंडर या अमेरिकी कंपनीच्या बासमन अँप्लिफायरचं सर्किट समोर ठेवून आपलं मशीन बांधलं. ते जेटीएम ४५. नकाशा जवळजवळ तोच, सामान मात्र इंग्लंडमध्ये मिळेल ते. पहिली ट्यूब बासमनमध्ये सुमारे ४४ पट वाढीची, इथे १०० ची. बासमनचे चार १० इंची स्पीकर मागून उघड्या पेटीत, इथे चार १२ इंची, मागून बंद.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो २७ के चा एक रेझिस्टन्स. आउटपुटचा थोडा आवाज मागे नेऊन मशीनला आवरून धरणं हे त्याचं काम. तो दोन्हीकडे तोच आहे. पण फेंडरमध्ये त्याची तार आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या २ ओहमच्या टोकाला, मार्शलमध्ये १६ च्या. तेवढ्याच ताकदीला १६ च्या टोकाला व्होल्टेज सुमारे २.८ पट असतं. नग तोच, किंमत तीच, लगाम मात्र जास्त घट्ट.

आणि मग आपली वीज. हळदीच्या रात्री गावात सगळे कूलर चालू होतात आणि २३० चे १९० व्होल्ट उरतात. ट्यूबच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, मिळतात ५.२. ट्यूब चालवणारं ४३० चं मोठं व्होल्टेज ३५५ वर येतं. दुपारी दुकानात कडक वाजलेलं मशीन मांडवात मऊ वाजतं. पोरगा फोन करतो, काका, मशीन बिघडलं. मिस्तरी आधी विचारतात, मीटर लावून पाहिलं का?

(दृश्य – दुसऱ्या चेसिसचं पोट, अगदी जवळून.)

आता या दुसऱ्या मशीनमध्ये एक बारीक शिट्टी ऐकू येतेय. मिस्तरी कोपऱ्यातून वाळलेली तुराटी उचलतात. आत चारशेच्या वर व्होल्ट आहेत, तिथे हात किंवा पेचकस घालायचा नसतो. तुराटीच्या टोकाने ते एकेक वायर हळूच हलवतात. आउटपुटकडे जाणारी निळी वायर पहिल्या ट्यूबच्या ग्रिडच्या, म्हणजे आवाज जिथून आत शिरतो त्या टोकाच्या, वायरला खेटून गेलीय. बाहेर निघालेला आवाज तिथून पुन्हा आत शिरतोय.

"वायरनी वाट दखा, भाऊ."

निळी वायर बोटभर लांब सरकते. शिट्टी थांबते.

(गिटार – तीच तार.)