शाळेसाठी दूरचित्रवाणी: कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर

श्रोतेहो, नमस्कार. आकाशवाणीच्या माइकसमोर बसून दूरचित्रवाणीविषयी बोलणे थोडे गमतीचे आहे, याची मला कल्पना आहे. परंतु शालेय अध्यापनाला साहाय्य म्हणून तयार झालेल्या कार्यक्रमांची चर्चा करताना आपले लक्ष पडद्यावरील चित्राकडेच इतके लागून राहते की, संच सुरू होण्यापूर्वी आणि तो बंद झाल्यानंतर वर्गात काय घडते, हे पाहायचे राहूनच जाते. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीची प्रायोगिक सेवा सुरू झाली आणि 1961 मध्ये तेथील माध्यमिक शाळांसाठी पाठांचे प्रक्षेपण होऊ लागले. यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. अनेक शाळांत प्रयोगशाळा अपुऱ्या होत्या आणि विज्ञानाचे प्रशिक्षित शिक्षक पुरेसे मिळत नव्हते. शिक्षकाने टेबलावर करून दाखवलेला प्रयोग शेवटच्या बाकावरील मुलाला धड दिसत नाही. कॅमेरा मात्र परीक्षानळीच्या अगदी जवळ जाऊन द्रावणाचा बदलणारा रंग साऱ्या वर्गाला एकाच वेळी दाखवू शकतो. हा लाभ खराच होता. उणीवही तितकीच खरी होती: मुलांचे गोंधळलेले चेहरे पाहून शिक्षक तेच वाक्य पुन्हा सांगतो, तर प्रक्षेपण कोणासाठीही थांबत नाही.

या उणिवेचा विचार ज्या प्रयोगात झाला, तो म्हणजे 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळातील उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग, म्हणजेच ‘साइट’. विक्रम साराभाई यांनी पाहिलेले हे स्वप्न त्यांच्या निधनानंतर प्रत्यक्षात आले. अमेरिकेच्या ‘नासा’चा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला उपलब्ध झाला आणि आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून केलेल्या मोठ्या अँटेना उभ्या राहिल्या. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा होता आणि तो चार भाषांत विभागलेला असल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत.

या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. मात्र मुलांसाठीचे विज्ञानविषयक कार्यक्रम तयार करण्याकरिता ‘इस्रो’ने मुंबईत एक छोटा स्टुडिओ उभारला होता. ‘साइट’ची धुरा सांभाळणाऱ्या, ‘इस्रो’च्याच अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा प्रा. यश पाल होते. विज्ञानाचे चमत्कार दाखवून मुलांचे डोळे दिपवण्यापेक्षा त्यांच्याच गावातील माती, पाणी, सावली यांच्याकडे नीट पाहायला लावावे, ही या कार्यक्रमांमागची दृष्टी मला आजही मोलाची वाटते. शिवाय सुमारे 50 हजार प्राथमिक शिक्षकांना याच व्यवस्थेतून विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले. म्हणजे संच जणू शिक्षकालाही विद्यार्थी करून घेत होता. प्रयोगाच्या मूल्यमापनात मुलांची भाषा आणि जिज्ञासा वाढल्याचे आढळले, पण पटावरील संख्या वाढण्यावर किंवा शाळागळती कमी होण्यावर विशेष परिणाम दिसला नाही. गुरे राखायला जाणाऱ्या मुलीला केवळ दूरचित्रवाणी शाळेत कशी आणणार?

आपल्याकडे 1984 मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली आणि इन्सॅट उपग्रहाच्या काळात प्राथमिक वर्गांसाठी मराठी कार्यक्रमांची निर्मिती होऊ लागली. तिचे कार्यक्रम पाहत लहानाची मोठी झालेली पिढी आजच्या श्रोत्यांतही असेल. शाळांमध्ये मात्र त्यांचा उपयोग सर्वत्र सारखा झाला नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत संच चोरीच्या भीतीने मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाटात कुलूपबंद असे आणि किल्ली सापडेपर्यंत कार्यक्रम संपून जाई. दुसऱ्या एका शाळेतील बाई प्रक्षेपणापूर्वीच फळ्यावर दोन प्रश्न लिहून ठेवीत, कार्यक्रम सुरू असताना मुलांचे चेहरे न्याहाळीत आणि संच बंद केल्यावर उत्तरे न विचारता ‘आता तुम्ही करून दाखवा’ एवढेच म्हणत. दोन्ही शाळांत संच तोच होता, कार्यक्रमही तोच. अनुदान आटत गेल्यावर 2017 मध्ये बालचित्रवाणी बंद करण्यात आली.

त्यानंतर तीनच वर्षांनी महासाथीमुळे शाळांना टाळे लागले आणि घरोघरी स्मार्टफोन नाहीत, हे ध्यानात आल्यावर पुन्हा दूरचित्रवाणीचीच आठवण झाली. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन, पालकांच्या सोबतीने करून पाहण्यावर तिचा भर होता. म्हणजे फळ्यावर प्रश्न लिहिणाऱ्या बाईंचे काम आता आई, आजोबा किंवा थोरली बहीण यांच्याकडे आले होते, आणि ज्या घरची मोठी माणसे त्या वेळी शेतावर किंवा कामावर गेलेली असत, तिथे कार्यक्रम संपल्यावर ‘आता तू करून दाखव’ असे म्हणणारे कोणी नसे.

नमस्कार.