फिल्टर बदलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी सुरू झाली नाही की अनेकांचा पहिला संशय इंधन फिल्टरवर जातो. तो बदलणे सोपे असते, एवढेच त्यामागचे कारण. दोष दुसरीकडे असेल, तर नवा फिल्टर बसवूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी कान द्यावा, असे माझे मत आहे.

किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक झाली किंवा सेल्फ कण्हत फिरला, तर इंधनाचा विचार बाजूला ठेवून बॅटरीकडे वळावे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरी उत्तम असली, तरी टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचल्यास करंट पुढे नीट जात नाही.

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन उचलत नाही, अशा वेळी मात्र इंधन किंवा ठिणगी यांचा तपास करावा. इंजेक्शन असलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली ‘ऑन’वर नेताच टाकीतला पंप सुमारे दोन सेकंद गुणगुणतो; शांत जागी मागच्या सीटजवळ हा आवाज ऐकू येतो. तो आला नाही, तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) पाहावेत. आवाज येत असेल आणि गेले काही दिवस गाडी चढावर दम सोडत असेल, वेग वाढवताना गचके देत असेल, तर फिल्टरवरचा संशय बळावतो, कारण फिल्टर सहसा हळूहळू तुंबतो आणि बंद पाडण्याआधी अशा सूचना देत राहतो.

बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीत पंपासोबतच असतो; ते काम कारागिरावर सोपवावे. बाहेरचा फिल्टर काढताना मात्र नळीत तीन-चार बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) दाब असू शकतो, हे विसरू नये. पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे (ते सुरूच होत नसेल, तर काही सेकंद सेल्फ मारावा), ते थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मोकळ्या हवेत, आगीपासून दूर काम करावे. नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा. वॉशर जुने वापरू नयेत. ती बचत गळतीच्या रूपाने परत येते.

जुना फिल्टर लगेच फेकू नये. ज्या तोंडाने इंधन आत येते, त्या बाजूने तो पांढऱ्या भांड्यात उपडा करावा. गंजाचे तांबूस कण दिसले, किंवा तळाशी पाण्याचे गोल थेंब वेगळे होऊन बसले, तर खरी घाण टाकीत आहे आणि नवा फिल्टरही लवकरच तुंबणार आहे.

डिझेल गाडीत फिल्टरखालच्या स्क्रूतून पाणी अधूनमधून काढावे लागते आणि फिल्टर बदलल्यावर हातपंपाने, किंवा त्या गाडीच्या पद्धतीने, हवा काढावी लागते. हवा धरलेली गाडी कितीही सेल्फ मारला तरी उचलत नाही. कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात सर्व सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते) उच्च दाबाच्या नळ्या मात्र घरी सैल करू नयेत, कारण तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार थेट कातडीत घुसते.

पेट्रोल गाडीत शेवटी फ्यूज आणि बॅटरीची वायर जोडून, सेल्फ न मारता किल्ली तीन-चार वेळा ‘ऑन’ करावी, म्हणजे नळी भरते. मग फिल्टरच्या दोन्ही जोडांवर कोरडा कागद टेकवावा. तो कोरडाच राहिला, तरच सेल्फ मारावा.